अर्ज ठाण्यातच भरला पाहिजे

रामटेक तालुक्यात, देवलापारच्या पलीकडच्या एखाद्या आदिवासी पाड्यावर चाकूहल्ला होतो, एखाद्या मुलीवर अत्याचार होतो, तेव्हा पुढचे चार दिवस काय घडते हे इथल्या लोकांना सांगायला नको. जखमीला रामटेकच्या उपजिल्हा रुग्णालयात आणतात, तिथून नागपूरच्या ‘मेडिकल’ रुग्णालयात पाठवतात. घरचा एक माणूस दवाखान्यात, दुसरा ठाण्यात. मजुरी बुडते ती दोघांचीही. जबाब होतो, पंचनामा होतो, आरोपीला अटक झाली की बातमी छापून येते. पुढे त्या घराचे काय झाले, याची चौकशी कोणत्याही कार्यालयातून होत नाही.

कायद्यात तरतूद नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 357-अ नुसार 2009 च्या अखेरपासून पीडिताला सरकारकडून नुकसानभरपाई मिळू शकते. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याचे वारस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात आणि त्यावर दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. तालुक्यातल्या किती लोकांना हे ठाऊक आहे? मारेकरी फरार असला की आपली केस संपली असे समजून कितीतरी कुटुंबे गप्प बसतात. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना 2013 पासून आहे. 2017 च्या सुधारणेनंतर तिच्यातून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. अशा पीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. नकार देणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचे आहे. आरोपी निर्दोष सुटला तर पीडित स्वतः अपील करू शकतो.

एवढे सगळे कागदावर असताना अडते कुठे? रामटेक ते नागपूर या सुमारे 50 किलोमीटरांत अडते. नुकसानभरपाईचा निर्णय करणारे प्राधिकरण नागपूरला. अर्जासोबत एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, आधार, बँक पासबुक लागते. एफआयआरची प्रत ठाण्यात विनामूल्य मिळते, पण ती मागायची असते हेच माहीत नसते. वैद्यकीय कागद दवाखान्यात असतात. पासबुक नसेल तर आधी खाते उघडा. नवरा गमावलेल्या, दोन लेकरे पदरात असलेल्या बाईने एसटीने किती चकरा माराव्यात? एका चकरेत एका दिवसाची रोजी जाते. तिसऱ्या चकरेनंतर ती यायची थांबते आणि फाइलवर शेरा पडतो, ‘अर्जदार गैरहजर’.

शेजारच्या भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी विदर्भ विसरलेला नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी आणि तिन्ही मुले मारली गेली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या कारावासात बदलली. भोतमांगे यांना सरकारी मदत मिळाली, नोकरीही मिळाली. पण त्याआधी राज्यभर मोर्चे निघाले होते, लोक रस्त्यावर उतरले होते. 20 जानेवारी 2017 रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले, तोवर न्यायासाठीची त्यांची धडपड चालूच होती. ज्या घरासाठी मोर्चा निघत नाही, त्या घराचे काय? ज्या मदतीसाठी रस्त्यावर उतरावे लागते, तिला हक्क म्हणता येत नाही.

आमची मागणी म्हणून अगदी साधी आहे. नुकसानभरपाईचा अर्ज एफआयआरसोबत ठाण्यातच भरला जावा. यासाठी नवा कायदा नको. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत, महिलांवरील अशा गुन्ह्यांच्या एफआयआरची प्रत ठाणेदाराने तात्काळ विधी सेवा प्राधिकरणाला पाठवावी, असे स्पष्ट म्हटले आहे. ही प्रत जाते की नाही, याचा हिशेब दर महिन्याला वरिष्ठांनी घ्यावा, आणि खून किंवा गंभीर दुखापतीच्या गुन्ह्यांनाही हीच पद्धत लावावी. रामटेकच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. तिने रामटेक आणि देवलापार या दोन्ही ठाण्यांत ठरावीक दिवशी एक विधी स्वयंसेवक बसवावा, शक्य तिथे गोंडी जाणणारा. अर्ज भरायला, दवाखान्यातून कागद आणायला आणि नागपूरला कोणत्या खोलीत जायचे हे सांगायला असा एक माणूस पुरे. शिबिरे भरवून, फलक लावून हे काम होत नाही, कारण ज्याच्या घरात रक्त सांडले आहे तो फलक वाचायला थांबत नाही.

खर्चाची सबब पुढे येईल. पण या स्वयंसेवकांची तरतूद विधी सेवा यंत्रणेत आधीपासूनच आहे, त्यांना प्रशिक्षण आणि मानधन दिले जाते. प्रश्न त्यांना ठाण्याच्या दारापर्यंत आणण्याचा आहे, आणि तो ठाणेदार व न्यायाधीश एका टेबलावर बसले तर एका दुपारी सुटू शकतो.

तोवर गावपातळीवर एवढे तरी व्हावे. गुन्हा घडल्यावर लोक सर्वांत आधी पोलीस पाटील, आशाताई आणि सरपंच यांच्याकडे धावतात. त्यांनी पीडिताच्या घरच्यांना 15100 हा विधी सेवेचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक लावून द्यावा. महिला, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, हे त्यांना त्याच दिवशी सांगावे. आणि एफआयआरची प्रत हाती पडल्याशिवाय त्यांना ठाण्यातून घरी परत नेऊ नये.