हिमयुगाची साक्ष

‘हवामान काय, पूर्वीही बदलतच होते. तेव्हा कुठे मोटारी होत्या?’ तापमानवाढीचा विषय निघाला की एखादा तरी सुशिक्षित गृहस्थ हे वाक्य टाकतो आणि चर्चा संपली अशा थाटात चहाचा कप उचलतो. वाक्य खरे आहे. त्यातून निघणारा दिलासा मात्र खोटा आहे. किंबहुना हवामान पूर्वी बदलले होते, यातच आजच्या काळजीचा भक्कम पुरावा आहे, असे माझे मत झाले आहे.

मूळ प्रश्न साधा आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वी किती तापेल? स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हे गणित हाताने मांडले, आणि तेही हिमयुगे का आली असावीत या कुतूहलापोटी. उत्तर आले पाच ते सहा अंश सेल्सियस. १९७९ मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी यांच्या समितीने दीड ते साडेचार अंश असे सांगितले. पुढे उपग्रह आले, संगणक कितीतरी पटींनी वेगवान झाले. तरी संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २०१३ च्या अहवालात आकडा तोच, दीड ते साडेचार! एका टोकाला निभावून नेता येईल अशी अडचण, तर दुसऱ्या टोकाला हाहाकार. ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, थोडे थांबू या’ म्हणणाऱ्यांचे त्यामुळे चांगलेच फावले.

घोडे अडले होते मुख्यतः ढगांपाशी. सखल, दाट ढग ऊन परतवतात. उंचावरचे विरळ ढग उष्णता कोंडून धरतात. तापत्या जगात यातले कोणते वाढतील आणि कोणते विरतील, यावर मॉडेलांचे एकमत होईना. तापमापकाच्या नोंदी जेमतेम दीड-पावणेदोनशे वर्षांच्या, आणि तेवढ्या काळात झालेला बदल सव्वा अंशाच्या आसपासचा. एवढ्या लहान परीक्षेत बरे-वाईट सगळेच पास होतात.

मी नोकरीची बरीच वर्षे बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात घालवली. प्रस्तावाला पुढील पाच वर्षांचे अंदाजी ताळेबंद जोडलेले असत आणि ते नेहमीच देखणे असत. आम्ही आधी मागचे ताळेबंद उघडत असू; त्यातही धंद्याला मोठा हादरा बसला त्या वर्षाचा. पृथ्वीच्या वहीत असे एक पान आहे. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीचे, शेवटचे हिमयुग ऐन भरात असतानाचे. उत्तर अमेरिका व उत्तर युरोपचा मोठा भाग तेव्हा बर्फाखाली होता आणि समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होता.

या पानावरचा जमाखर्च निसर्गानेच लिहून ठेवला आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून आठ लाख वर्षांची हवा मोजता आली आहे. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे १९० भाग होता, कारखानदारीपूर्वी २८० आणि आज ४२० च्या वर. तापमान सांगतात समुद्रतळाच्या गाळातले सूक्ष्म शिंपले. पाणी उबदार असेल तर त्यांच्यात मॅग्नेशियम अधिक साठते. असे अनेक पुरावे जुळवून हिशेब लागतो, की ते जग सरासरीने पाच ते सात अंश थंड होते. अर्थात त्या थंडीत ऊन परतवणाऱ्या हिमस्तरांचाही मोठा वाटा होता. तो वेगळा काढूनच कर्बवायूचा वाटा ठरवावा लागतो.

हा पुरावा, आधुनिक नोंदी आणि ढगांचे सुधारलेले ज्ञान एकत्र आले, तेव्हा २०२१ च्या अहवालात तो जुना आकडा अखेर हलला. आता संभाव्य उत्तर आहे अडीच ते चार अंश, सर्वांत जवळचे तीन. दीड अंशाची आशा मावळली. पृथ्वी एवढी निगरगट्ट असती, तर हिमयुगात इतकी गारठलीच नसती.

पण साक्ष एकतर्फी नाही. अमेरिकेतील बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राचे नवे मॉडेल पाच अंशांहून अधिक वाढ सांगत होते. त्याला हिमयुग उभे करायला सांगितले, तर ते जग अकरा अंशांनी गोठवून बसले. पुराव्याच्या जवळजवळ दुप्पट! ढगांतील बर्फकणांच्या गणितात दोष सापडला, तो दुरुस्त केल्यावर आकडा चारच्या आसपास आला. आपल्याच मॉडेलला नापास करण्याचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

आपल्याला अंशांइतकीच काळजी पावसाची. अरबी समुद्राचा गाळ सांगतो, की हिमयुगात नैर्ऋत्य मोसमी वारे दुबळे होते आणि सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी ते आजच्याहून जोरदार होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने स्वतःचे मॉडेल उभारले आहे. गोव्यात ध्रुवीय बर्फाचा व सागरी गाळाचा अभ्यास चालतो. उद्याच्या पावसाचे भाकीत करणाऱ्या प्रत्येक मॉडेलला आधी त्या जुन्या पावसाचा हिशेब विचारला पाहिजे. धरणे, कालवे, पीकविमा यांचे निर्णय त्यावर उभे राहणार आहेत.

तेव्हा हवामान पूर्वीही बदलत होते, असे कोणी म्हणाले, तर वाद घालू नये. ‘बरोबर आहे; पण पाच-सहा अंशांच्या फरकाने जग किती बदलले होते, हे पाहिलेत का?’ एवढेच विचारावे.