दोन तासांचे देणे

कारापूरच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटीच्या पात्रात शृंगारलेल्या नौका सोडतात. गेल्या वर्षी आम्ही तो सोहळा पाहावयास गेलो, तेव्हा आमचे यजमान एकटेच बरोबर निघाले. ‘‘वहिनी येत नाहीत?’’ आम्ही विचारले. ते म्हणाले, ‘‘मागच्या वर्षी ती आली होती. यंदा माझी पाळी.’’

त्यांचा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. दारूकामाचा आवाज त्याला सोसत नाही. म्हणून एकाने नदीकाठी जावे, एकाने घरी थांबावे. दोघांनी मिळून नौका पाहिल्याला पाच वर्षे लोटली होती. माया आटली नव्हती. एकमेकांसाठी वेळच उरला नव्हता.

या वेळेचे मोल मोठे आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २०१० साली स्वमग्न मुलांच्या ३९१ पालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत घटस्फोटाचे प्रमाण शेकडा २३.५ आढळले, इतर पालकांत १३.८. इतर घरांत मूल आठ वर्षांपलीकडे गेले की हा धोका ओसरू लागतो. या घरांत मूल वयात येईतो तो टिकून राहतो. तरीही बहुसंख्य संसार तगले, हेही त्याच आकड्यांत आहे.

या श्रमांवर दोषारोपाची भर पडते. ‘आईने फार लाडावला’, ‘बापाच्या घराण्यातच काहीतरी असेल’, असे आप्तेष्ट सहज बोलून जातात आणि रात्री तेच शब्द पतिपत्नी एकमेकांना ऐकवितात. एके काळी विद्वानही यात मागे नव्हते. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी आपल्या ग्रंथात आईबापांच्या, विशेषतः आईच्या, वागणुकीला दोष दिला. त्याआधी १९६४ सालीच, स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नतेचे मूळ शरीरात आहे असे मांडले होते. पुढील संशोधनाने त्यांचीच बाजू खरी ठरविली.

आपल्या गोव्यातही याविषयी मोलाचे काम झाले आहे. ‘संगाथ’ या संस्थेचा सहभाग असलेला, गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांवरील प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी मुलाच्या खुणा ओळखून त्याला साद कशी द्यावी हे पालकांना शिकविले, आणि मुले आपणहून पालकांशी अधिक संवाद साधू लागली. असे शिक्षण मिळेल तेथे आईबरोबर वडिलांनीही बसावे, असे आम्हांस वाटते. एकालाच मूल कळू लागले, तर दुसरा घरातच परका होतो.

आम्ही परतलो तेव्हा वहिनी ओसरीवर जाग्याच होत्या. ‘‘कोणाची नौका पहिली आली?’’ त्यांनी हळूच विचारले. यजमान पायरीवर बसून एकेका नौकेचे वर्णन करू लागले.

वाचकहो, आपल्या नात्यात, शेजारी असे घर असेल, तर उपदेश राहू द्या. त्या मुलाच्या सवयी जाणून घ्या, त्याच्याशी ओळख वाढवा, आणि मग एका संध्याकाळी म्हणा, ‘‘दोन तास आम्ही बसतो. तुम्ही दोघे जाऊन या.’’