नांदत्या घरातली बंडखोर

अमेरिकी कंट्री गायिका लोरेटा लिन यांचा जन्म 14 एप्रिल 1932 चा. गाव बुचर हॉलो, केंटकीच्या कोळसापट्ट्यातले. वडील खाणीत राबत. आठ भावंडांत लोरेटा दुसऱ्या. पंधराव्या वर्षी ऑलिव्हर लिन यांच्याशी लग्न झाले आणि बिऱ्हाड थेट वॉशिंग्टन राज्यात गेले. विसाव्या वर्षापर्यंत चार मुले झाली होती.

ऑलिव्हर दारूडे आणि बाहेरख्याली. पण सतरा डॉलरची गिटार आणून बायकोच्या हातात दिली ती त्यांनीच, आणि तिने चारचौघांत गायला हवे हा हट्टही त्यांचाच. 1960 मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा नवराबायको मोटारीने गावोगावची रेडिओ केंद्रे पालथी घालत तबकडी वाजवायची गळ घालत फिरले. गाणे कंट्री संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत चौदावे आले. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाने त्यांना गायला बोलावले.

पुरुषांना जाब विचारणारे गाणे कंट्री गायिका किटी वेल्स यांनी 1952 मध्येच गायले होते. लोरेटांनी तो जाब थेट घरात आणला. दारू ढोसून आलेल्या नवऱ्याला बजावणारे त्यांचे गाणे 1967 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. असल्या गाण्यांना लागणारा ऐवज ऑलिव्हर घरबसल्या पुरवत होते, असे म्हणायला हरकत नाही!

1972 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा मान त्यांना मिळाला. तो मिळवणारी ही पहिली स्त्री. त्याच वर्षी ‘द पिल’ ध्वनिमुद्रित झाले, पण कंपनीने ते 1975 पर्यंत बाहेर काढले नाही. वर्षामागून वर्षे बाळंतपणे काढलेली बायको आता गर्भनिरोधक गोळी हाती आल्यावर नवऱ्याला खडसावते, हा गाण्याचा विषय. अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, तरी ते कंट्रीच्या यादीत पाचवे आले. गाणारी बाई स्वतः सहा मुलांची आई होती. तिच्या तोंडी हा विषय कुणाला थिल्लर म्हणता येईना, आणि विरोधकांची खरी अडचण हीच असावी.

1976 चे आत्मचरित्र, त्यावरचा 1980 चा चित्रपट आणि त्यात लोरेटा साकारणाऱ्या सिसी स्पेसेक यांना मिळालेले ऑस्कर यांमुळे हे आयुष्य कंट्री न ऐकणाऱ्यांपर्यंतही गेले. भांडणे झाली, पण संसार मोडला नाही. 1996 मध्ये ऑलिव्हर वारले. लोरेटा गात राहिल्या. रॉकवाल्या जॅक व्हाइटबरोबर केलेल्या 2004 च्या ‘व्हॅन लिअर रोझ’ या अल्बमने सत्तरीनंतर त्यांना दोन ग्रॅमी मिळवून दिली. 4 ऑक्टोबर 2022 रोजी, नव्वदाव्या वर्षी, टेनेसीतल्या हरिकेन मिल्स येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.