बसूनच तर काम आहे!

‘बसूनच तर काम आहे, त्यात दुखण्यासारखं काय?’ संगणकावर काम करणाऱ्या बाईला हे वाक्य दोन ठिकाणी ऐकावे लागते. कार्यालयात साहेबांकडून आणि घरी सासरच्यांकडून. मान आखडली, मनगट दुखू लागले, बोटांना मुंग्या आल्या की साहेब म्हणतात, हे घरकामामुळे. घरचे म्हणतात, हे त्या कॉम्प्युटरमुळे. दोघेही जबाबदारी झटकून मोकळे होतात आणि दुखणे तेवढे बाईच्या पदरात राहते.

पतसंस्था, डीटीपीची दुकाने, दाखले काढून देणारी केंद्रे, दवाखान्यांचे काउंटर अशा ठिकाणी काम करणाऱ्या मुलींशी माझे नेहमी बोलणे होते. त्यांची बसण्याची जागा एकदा पाहा. आठ तास टंकणारीला प्लॅस्टिकची खुर्ची, आणि दिवसातून तासभर संगणकाला हात लावणाऱ्या साहेबांना वर-खाली होणारी फिरती खुर्ची! खुर्ची काम पाहून दिली जात नाही, पद पाहून दिली जाते. पदांच्या या उतरंडीत बाई कुठे असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

टेबलाचेही तेच. कार्यालयातले टेबल साधारण ३० इंच उंच असते. पाच फूट उंचीची बाई पाय जमिनीला टेकवून बसली, तर तिचे कोपर जमिनीपासून २४-२५ इंचांवर येते. म्हणजे दिवसभर ती खांदे उचलून काम करते. खुर्ची उंच केली तर पाय लोंबकळतात आणि मांड्यांना खालून कड रुतते. हा तिच्या शरीराचा दोष नाही. टेबल ठरवताना तिचे माप कुणी घेतलेच नाही, हा दोष आहे.

नीट बैठक म्हणजे काही चैन नव्हे. पाय टेकलेले, कमरेला आधार, कोपर काटकोनात, मनगट सरळ. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. खिडकी बाजूला, म्हणजे पडद्यावर झळाळी येत नाही. लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकत्र असल्याने एक नीट ठेवावे तर दुसरे चुकते. म्हणून तो उंचावर ठेवून कीबोर्ड वेगळा जोडावा लागतो. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहिले की डोळ्यांना आराम मिळतो. पायांखाली पाट ठेवला तरी टेबलाचा प्रश्न बराचसा सुटतो. मग हा पाट कोणी आणायचा? बाईने घरून? मुळीच नाही. यंत्र मालकाने आणले, तर यंत्रापुढे बसण्याची सोयही त्यानेच केली पाहिजे.

‘मध्ये मध्ये उठा, पाणी प्या’ हा सल्ला देणे सोपे आहे. नोंदीमागे पैसे मिळणारी बाई उठली की तिची मजुरी बुडते. जिथे स्वच्छ संडास नाही, तिथे ती पाणी पिणेच टाळते. म्हणून मागणी सल्ल्याची नको, पगारी विश्रांतीची हवी.

कायद्यालाही हे काम ‘हलके’च वाटत आले. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली स्पष्टीकरण घातले गेले की, उत्पादनाची प्रक्रिया चालत नसेल तर केवळ संगणक बसवला म्हणून ती जागा कारखाना ठरत नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि बाळंतपणाच्या रजेनंतर, मालकाने मान्य केल्यास, घरून काम करण्याची सोय आली. घरी टेबल-खुर्ची कोण देणार, याबद्दल त्या दुरुस्तीत अवाक्षर नाही. मग बाई पलंगावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, एका हाताने बाळाला थोपटत काम करते आणि कार्यालयाचे भाडे, वीज, खुर्ची सगळे वाचते. हा नफा कुणाच्या पाठीतून निघतो?

केरळात कापडदुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी झगडल्या आणि २०१८ साली तिथला कायदा बदलला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही दुरुस्ती केली. त्यांना बसूच दिले जात नव्हते. आपल्याला उठू दिले जात नाही. लढा एकच आहे.

मैत्रिणींनो, सुरुवात आपल्या दारातून व्हावी. संघटनांच्या कार्यालयात अहवाल टंकणारी कार्यकर्ती कशावर बसते, हे पुढच्या बैठकीत पाहावे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात संगणकाबरोबर खुर्ची, पायपाट आणि वेगळा कीबोर्ड यांची तरतूद मागावी. कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात पगाराशेजारी बैठकीचे कलम यावे. आणि दुखणाऱ्या प्रत्येकीने तारीख घालून लेखी तक्रार द्यावी. तोंडी कण्हण्याला ‘बायकांची कुरकुर’ म्हणतात. पंधरा जणींच्या सह्यांच्या कागदाला उत्तर द्यावे लागते.