पट्ट्यापाशी संपणारं प्रेम

पुण्यात मी राहतो त्या सोसायटीत कुत्रेवाल्यांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. फ्लॅटमेटच्या लॅब्रेडॉरला अर्ध्या वेळा मीच खाली नेतो, म्हणून मीही त्यात आहे. सकाळी सहापासून रात्री उशिरापर्यंत तिथे सल्ले चालू असतात. कोकोला जुलाब होतायत, दहीभात देऊ की उकडलेला भोपळा? सिंबाची नखं घरी येऊन कोण कापतं? मिष्टीच्या वाढदिवसाला गव्हाचा केक चालेल का? प्रश्न पडायचा अवकाश, पाच मिनिटांत बारा उत्तरं येतात.

त्यातले बरेच सल्ले चांगले असतात, हे आधीच सांगून टाकतो. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण कुत्र्याला देऊ नका. तुमच्या पाठदुखीची आयबुप्रोफेनची गोळी त्याला तर अजिबात नको, किडन्या जातात. मे महिन्यात दुपारी फिरायला नेण्याआधी डांबरावर स्वतःचा तळहात पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. हस्की ही बर्फातली जात आहे, एसीच्या भरवशावर तिला इथे आणू नका. हे सगळं बरोबर आहे आणि ते सांगणारी माणसंही मनाने चांगली आहेत.

भांडण वेगळं आहे. हे सगळे सल्ले आपल्या कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यापाशी येऊन थांबतात. पट्ट्याच्या आत जे आहे त्याच्यासाठी जीव टाकायचा. पट्ट्याबाहेर जे आहे, म्हणजे दुसरं कुत्रं आणि दुसरा माणूस, त्याच्याबद्दल ग्रुपवर महिनोन्‌महिने एक ओळ येत नाही. आणि याला आपण ‘डॉग लव्हर’ म्हणतो. ‘माझ्या डॉगचा लव्हर’ म्हणालात तर माझी काही तक्रार नाही.

मी चिंचपाड्याचा. नवापूर तालुका, नंदुरबार जिल्हा, सुरत-भुसावळ लाइनवरचं छोटं स्टेशन. आमच्याकडे कुत्रं ‘पाळत’ नाहीत, ते असतं. घराला दार असतं, अंगण असतं, कोंबड्या असतात, तसं कुत्रंही असतं. ते रात्री कोंबड्यांवर लक्ष ठेवतं, दिवसा शेळ्यांमागे जातं, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बायकांच्या पुढे पळतं. उसात बिबट्या असला तर पहिलं त्यालाच कळतं, आणि बऱ्याचदा बिबट्या पहिलं त्यालाच नेतो. खायला उरलेली भाकरी, वरणाचं पाणी, कुणाकडे मटण झालं तर हाडं. नाव बहुतेक वेळा टायगर. एका पाड्यात चार-चार टायगर असतात, आणि हाक मारली की बरोबर ज्याचा तोच येतो.

या टायगरला मालक आहे, पण पट्टा नाही. नेमकं इथेच आपलं सगळं गणित बिघडतं. आपल्या कायद्यात कुत्र्यांसाठी दोन खोकी आहेत. एक पाळीव, त्याची लस मालकाने बघायची. दुसरं भटकं. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे ते स्थानिक संस्थेने पकडायचं, नसबंदी करायची, लस टोचायची आणि उचललं तिथेच परत सोडायचं. टायगर या दोन्ही खोक्यांत मावत नाही. आणि आमच्या ग्रामपंचायतीकडे ना कुत्री पकडणारी गाडी, ना ऑपरेशनची खोली, ना डॉक्टर.

ऑगस्ट २०२५ आठवा. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला आदेश बदलला: लस आणि नसबंदी करून परत सोडा, फक्त पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री ठेवून घ्या. त्या अकरा दिवसांत मोबाइलवर दोन फौजा उभ्या राहिल्या. एका फौजेच्या हातात मेणबत्त्या, दुसरीच्या हातात चावा घेतानाचे सीसीटीव्ही व्हिडिओ. दोन्ही फौजा शहरातल्या. देशातली कितीतरी कुत्री टायगरसारखी आहेत, हे कुणाच्या गावीच नव्हतं. गावी असतं तर बरं झालं असतं, असा फालतू विनोद मी तेव्हा ग्रुपवर टाकला होता. कुणी हसलं नाही.

आता रेबीजबद्दल. कुत्रा चावल्यावर हा विषाणू रक्तातून नाही, नसांमधून मेंदूकडे सरकत जातो. त्याला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. हा काळ म्हणजेच आपल्या हातातला वेळ. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी पहिली लस घ्यायची, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही टोचून घ्यायचं. सरकारी दवाखान्यात कातडीत द्यायच्या लशीच्या तारखा ठरलेल्या आहेत: शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीसवा दिवस. चावणारं कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर त्याच्या लाळेत चावताना विषाणू नव्हता असं समजतात, पण लस त्या दहा दिवसांची वाट बघत थांबवायची नाही. कारण एकदा लक्षणं दिसली की जवळपास कुणीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे माणसांतला ९९ टक्के रेबीज कुत्र्यांकडून येतो, आणि संशयित जनावर चावलेल्यांत ४० टक्के मुलं पंधरा वर्षांखालची असतात. भारतात वर्षाला वीस हजार माणसं मरतात असं पूर्वी सांगत. आयसीएमआरच्या अलीकडच्या पाहणीत तो अंदाज साधारण ५,७०० निघाला. धरा हा कमी आकडा. म्हणजे रोज पंधरा माणसं, अशा रोगाने ज्याची लस पाश्चरने १८८५ सालीच माणसाला दिली होती.

आता हे चार दिवस एखाद्या पाड्यावरून मोजा. चार वेळा मजुरी बुडवायची, चार वेळा गाडीभाडं, आणि सीरम जवळच्या दवाखान्यात नसेल तर पुढच्या गावाला. मग कुणी जखमेवर हळद भरतं, कुणी मिरची, कुणी चुना. यावर शहरात ‘काय अडाणी लोक’ म्हणायची पद्धत आहे. पहिल्या डोसनंतर बरं वाटतंय म्हणून पुढचे डोस बुडवणारे इंजिनिअर मी स्वतः पाहिलेत, त्यामुळे तो शब्द जपून वापरा.

माणसाला चार डोस देण्यापेक्षा टायगरला वर्षातून एक टोचणं सोपं आहे, हे सांगायला माझी गरज नाही. पण ते किती सोपं आहे, हे सांगायला गणित लागतं, आणि ते माझ्या आवडीचं आहे. गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या समाजात बारा ते अठरा जणांना रोग देतो. पिसाळलेलं एक कुत्रं सरासरी दोनापेक्षाही कमी कुत्र्यांना देतं. म्हणजे साखळी तोडायला अर्ध्याच्या आसपास कुत्र्यांना लस असली तरी कागदावर पुरतं. पण वर्षभरात लस टोचलेली काही कुत्री मरतात, नवी पिल्लं येतात, टक्का घसरत जातो. म्हणून एका फेरीत सत्तर टक्के गाठायचे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या फेरीपर्यंत तो फार खाली जात नाही. शंभर टक्के लागतच नाहीत! सॉफ्टवेअरमध्ये इतकी उदार अट आम्हाला कुणी घालत नाही.

हे कागदावरचं नाही, शेजारी घडलेलं आहे. गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून गावोगाव, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली. ओळखीची कुत्री हाताने धरायची, बाकीची जाळ्याने, टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करायची आणि जागच्या जागी सोडून द्यायचं. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइल ॲपवर, जीपीएससकट. कुठली वाडी राहिली ते नकाशावर त्याच संध्याकाळी दिसायचं. तिथल्या कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. कुत्री मारली नाहीत, कोंडली नाहीत. प्रेम आणि द्वेष या दोन्ही गोष्टींची गरज न पडता काम झालं.

मग नंदुरबारात का होत नाही? ‘यंत्रणा नाही’ हे उत्तर मला मान्य नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याच नवापूर तालुक्यात सापडला. मी तेव्हा लहान होतो, पण पांढऱ्या सूटमधली, तोंडं झाकलेली माणसं गावात कुणी विसरलेलं नाही. काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्या साथीत देशात एकाही माणसाला तो रोग झाल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणजे सरकारला ठरवलं की पाड्यापर्यंत पोचता येतं.

आणि पोचतंच. लाळ्या खुरकुताची लस टोचायला पशुसंवर्धनवाले गोठ्यागोठ्यात येतात. २०१९ पासून त्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गाईच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला आहे, तिची नोंद देशाच्या डेटाबेसमध्ये आहे. तो माणूस बर्फाच्या डब्यात लस घेऊन अंगणात उभा असतो, बैलाला टोचतो, आणि समोर टायगर त्याच्यावर जीव तोडून भुंकत असतो. त्याच डब्यात टायगरची लस का नसावी? तीही थंडच ठेवायची असते. एवढा एक बदल. यासाठी मेणबत्त्या घेऊन कुणी उभं राहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

‘आम्ही आमच्या ब्रूनोचं बघू की तुमच्या गावाचं?’ असं मला एका काकांनी विचारलं. काका, गाव राहू द्या. सोसायटीच्या गेटबाहेर जी चार कुत्री झोपतात, त्यांना लस झाली आहे का, हे कुणाला माहीत आहे? तुमचा ब्रूनो रोज त्यांचीच खूण हुंगतो. पार्वोचा विषाणू तर चपलेच्या तळव्याला चिकटून लिफ्टने वर येतो. दहा डोसांची रेबीजची बाटली मिळते. ती ब्रूनोच्या हार्नेसपेक्षा महाग नाही. वर्गणी काढून डॉक्टर बोलवा, एका रविवारचं काम आहे. बिस्किटं टाकणाऱ्यांनी तर आधी हे करावं; खाऊ घालून गोळा केलेली आणि लस नसलेली कुत्री हा पुण्याचा भाग नाही, धोक्याचा आहे.

पट्ट्याबाहेरच्या माणसाबद्दलही बोलू. महाभारतातला धर्मराजाचा कुत्रा सगळ्या श्वानप्रेमींना पाठ असतो. त्याच्याशिवाय स्वर्गात जायला धर्मराज तयार नव्हता. त्याच महाभारतात पांडवांचा आणखी एक कुत्रा आहे. तो रानात एका काळ्या, मळलेल्या, कातडं पांघरलेल्या मुलाला बघून भुंकायला लागतो. एकलव्याने बाणांनी त्याचं तोंड बंद केलं आणि पुढे त्याचा अंगठा गेला. एकलव्याला आपला मानणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हा दुसरा कुत्रा जास्त लक्षात आहे. कारण तो मला रोज लिफ्टमध्ये भेटतो. ‘आमचा ब्रूनो कुणाला काही करत नाही हो, फक्त डिलिव्हरीवाले आणि कामवाल्या दिसल्या की चिडतो.’ हे कौतुकाने सांगतात! कुत्र्याला जात-वर्ग कळत नाही. पण कुणासाठी दार पूर्ण उघडतं, कुणासाठी साखळी लावून फटीएवढंच, कुणाशी बोलताना घरातला आवाज चढतो, हे त्याला बरोबर कळतं. जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादमध्ये एका डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाने मागे लागलेल्या जर्मन शेफर्डपासून वाचायला तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली. तो गेला. दार उघडण्याआधी कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा, लहानपणापासून त्याला सगळ्या प्रकारच्या माणसांची सवय लावा, लिफ्टमध्ये दुसऱ्याला आधी विचारा. हे सल्ले केकच्या रेसिपीपेक्षा सोपे आहेत आणि फुकट आहेत.

आमच्याकडे लसीकरण करायचं असेल तर ते होळीच्या आठवड्यात करा, हे मी ओळखीच्या प्रत्येक प्राणीमित्राला सांगतो. दिवाळीनंतर अर्धे पाडे ऊसतोडीला आणि गुजरातमध्ये कामाला गेलेले असतात. घरी म्हातारी माणसं आणि कुत्री. होळीला सगळे परत येतात. बाटली एकदा उघडली की ती त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणजे दहा कुत्री एका सकाळी एका जागी हवीत. जाळी आणू नका, जाळी बघून टायगर डोंगरात जातो. ज्याचं कुत्रं त्यालाच धरू द्या. मान काखेत घेऊन, एक हात पोटाखाली. आणि सकाळी आठच्या आत या, नंतर ती शेळ्यांबरोबर निघून जातात.