वाडीतल्या घराला रिव्हॉल्व्हर कोणती?

"दादा, लाख-सव्वा लाखात बसेल आणि ऐन वेळी दगा देणार नाही अशी रिव्हॉल्व्हर कोणती, तेवढं सांगा." मुंबईतली नोकरी संपवून किहीमच्या वाडीत कायमच्या राहायला आलेल्या एका ताईंनी हे विचारलं. घरात त्या एकट्याच. शेजारचे दोन्ही बंगले शनिवार-रविवारपुरते उघडतात. पावसाळ्यात वीज गेली की सुरूच्या बनापासून चोंढीच्या रस्त्यापर्यंत मिट्ट काळोख. मागे एकदा पंपाची केबल चोरीला गेली, तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर बेवारस बोटीत तीन एके-४७ सापडल्या, तेव्हा सगळा रायगड हादरला होता. त्या बोटीमागे घातपाताचा कट नसल्याचं निष्पन्न झालं, पण किनाऱ्यावरच्या माणसाच्या मनातून धाकधूक गेली नाही. म्हणून ताईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही.

दुकानाच्या आधी अलिबाग लागतं. शस्त्र अधिनियम १९५९चा आहे आणि किहीमपुरता परवाना देणारा अधिकारी म्हणजे अलिबागला बसणारे रायगडचे जिल्हादंडाधिकारी. अर्ज, पोलिसांची चौकशी, जिवाला धोका का आहे याचं पटणारं कारण, २०१६च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी, एवढ्या पायऱ्या आहेत. नुसतं 'भीती वाटते' म्हणून परवाना मिळेलच असं नाही. मिळाला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत पाच वर्षं असते.

मग निवड. ती फार मोठी नाही. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही. परदेशी हत्यारांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांना जवळपास बंद आहे, त्यामुळे जुनी विलायती पिस्तुलं दागिन्याच्या भावाने विकली जातात. बेताच्या पैशात उरते ती मुख्यतः कानपूरची पॉइंट ३२. तिथल्या सरकारी कारखान्याने २०१४मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' काढली. दिल्लीच्या निर्भयाची आठवण त्या नावात होती. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हाच १,२२,३६० रुपये. ज्या मुलीला रात्रीच्या बसने घरी जावं लागतं तिने एवढे पैसे आणायचे कुठून, हा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला होता आणि तो रास्त होता. २०२३मध्ये कानपूरहूनच 'प्रबळ' आली. तिचं वजन सातशे ग्रॅमच्या आसपास आणि काडतुसांचं चक्र बाजूला उघडणारं, म्हणजे भरायला आणि रिकामं करायला सोपं.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, यावर माझं मत स्पष्ट आहे. ज्याचा हात रोजचा नाही त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावी. एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, चक्र फिरून पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात गोळी अडकली की दोन्ही हातांनी स्लाइड मागे ओढून ती काढावी लागते. अंधारात, घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही. शिवाय रिव्हॉल्व्हर उघडली की भरलेली आहे की रिकामी हे डोळ्यांना दिसतं. मात्र हलकी म्हणून भुलू नये. हत्यार जितकं हलकं तितका हाताला झटका जास्त. आणि घोडा मागे न ओढता थेट ट्रिगर ओढायला बोटात चांगला जोर लागतो. साठीच्या हाताने तो दुकानातच, रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, दुकानदाराला विचारून ओढून पाहावा.

स्वस्त म्हणून जुनं घ्यावं का? अभिनेता गोविंदा यांचा प्रसंग आठवावा. १ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे जुहूच्या घरी त्यांच्या स्वतःच्या परवान्याची जुनी रिव्हॉल्व्हर हातातून निसटली आणि गोळी डाव्या पायात गुडघ्याखाली घुसली. जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यावर आघात झाला की समोरचं काडतूस उडू शकतं. म्हणून जुने जाणते घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. अशी वस्तू घ्यायचीच तर आधी शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराला दाखवावी. घोडा ओढल्यावर चक्र डगमगतं का, नळीत गंजाचे खड्डे आहेत का, हे तो सांगेल. आणि खरेदी दोन्ही बाजूंच्या परवान्यांवर नोंद होऊनच. जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडून, उमर्टीच्या बाजूने येणारे गावठी कट्टे पोलीस सतत पकडतात. ते स्वस्त असतात, पण फुटले तर आपल्याच हातात फुटतात आणि पकडले गेलो तर थेट तुरुंग.

आपल्या किनाऱ्याची आणखी एक अडचण कानपूरच्या माहितीपत्रकात लिहिलेली नसते. किहीमला बिजागऱ्या, कुलपं, शेगडीचे बर्नर, सगळं खाऱ्या हवेने खाल्लं जातं. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात महिनाभर ठेवली तर चामडं ओल धरतं आणि पोलादावर तांबूस ठिपके उमटतात. म्यानाबाहेर, तेलाचा हात फिरवून, कोरड्या पेटीत ठेवायला हवी. काडतुसांनाही दमट हवा मानवत नाही. त्यांच्या बुडावर बहुधा 'केएफ' असा ठसा दिसतो, म्हणजे आपल्याच खडकीचा, १८६९पासूनचा दारूगोळा कारखाना. पितळ हिरवट पडलेलं काडतूस वापरू नये आणि ते कचऱ्यातही टाकू नये, रीतसर जमा करावं. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते. ती कपाटात जपण्यात अर्थ नाही. रेंजवर जाऊन नियमित सराव नसेल तर सव्वा लाखाची वस्तू बिनभरवशाचीच.

इथवर उत्तर दिलं ते कायम राहणाऱ्या माणसाला. शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांना माझं सांगणं सरळ आहे: घेऊ नका. पाच दिवस बंद असलेल्या घरात ठेवलेलं शस्त्र हा चोरासाठी ठेवलेला ऐवज आहे, आणि तो त्याने नेला की पुढे कोणाच्या छातीवर रोखला जाईल ते सांगता येत नाही. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं. शस्त्र नीट सांभाळलं नाही म्हणून त्या अंगरक्षकालाही अटक झाली. राखणदाराच्या हाती बंदूक देऊन मुंबईला परतणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावं.

आणि गोळी झाडायची कधी? भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. जिवावर बेतलं, दरोडा पडला, सूर्यास्तानंतर कोणी घर फोडून आत शिरलं, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. नारळ उतरवून पळणाऱ्या किंवा पंपाची केबल तोडणाऱ्या पोरावर गोळी झाडली तर नाही. त्याच्याकडून जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती होती हे दाखवावं लागतं, आणि तेही कोर्टात, वर्षानुवर्षं. मारणं सोपं असेल, पण त्यानंतर ज्या वाडीत राहायचं तिथेच त्या पोराचे आई-बाप राहत असतात. यापुढे माझं मन जात नाही.

म्हणून ताईंना मी म्हटलं, परवान्याचा अर्ज करायचा तर करा, तुमचा हक्क आहे. पण सव्वा लाखातले पहिले वीस-पंचवीस हजार दुसरीकडे घाला. मागच्या पडवीच्या दाराला आतून आडणा आणि पोलादी कडी. झोपायच्या खोलीचं दार आतून भक्कम बंद होईल असं. वीज गेल्यावरही चालणारा, हालचाल झाली की पेटणारा सौर दिवा विहिरीपाशी आणि गोठ्यापाशी. एक चांगला गावठी कुत्रा. उशाशी चार्ज केलेला फोन, ११२ पाठ.

दुसरं काम एकट्या ताईंचं नाही. पुणे, नाशिक, अहिल्यानगरकडच्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते: संकटातल्या माणसाने एक फोन केला की त्याचाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. किहीम, आवास, सासवणे, थळ या ग्रामपंचायतींनी तिची रीतसर नोंदणी करून वाडीवाडीतले नंबर त्यात घालावेत, बंद बंगल्यांच्या राखणदारांचेही. बंगलेवाल्यांनी आपापल्या राखणदाराचा नंबर ग्रामपंचायतीत नेऊन द्यावा. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय यावा म्हणून ताई आणि मी अर्ज लिहितो आहोत. ज्यांना सही करायची असेल त्यांनी यावं.