कुलवृत्तान्त आणि मुका वाढपी

गेल्या पितृपक्षांत आमच्या चुलत भावंडांत एक गोड तंटा माजला. कुलवृत्तान्ताच्या तीन प्रती तीन घरीं, आणि तिहींत पणजोबांचा जन्मशक निराळा! अखेर पुतण्यानें सर्व मजकूर ‘गिट’च्या स्वाधीन केला.

लायनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं ही प्रणाली रचली. कोणीं, केव्हां, काय बदललें याची ती नोंद ठेवते. प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरूनच काढलेली ४० अक्षरांची खूण मिळते. एक काना बदलला तरी खूण बदलते. पहिलीं २ अक्षरें कप्प्याचें नांव, उरलेलीं ३८ फाइलीचें.

ही वही नागपूरच्या काकांपासून बोस्टनच्या भाचीपर्यंत पोंचवावी कशी? खूण ठाऊक असली कीं फाइल सांपडते. म्हणून नुसत्या फाइली देणारा साधा वेब सर्व्हरही वाचण्यापुरता चालतो. मात्र तो मुका वाढपी! मागाल तें पानांत वाढील, पण आज काय शिजलें आहे तें सांगणार नाहीं. त्यासाठीं ‘अपडेट-सर्व्हर-इन्फो’ या आज्ञेनें यादी करून ठेवावी लागते. पुतण्या ती विसरला, आणि भाचीस दिवाळीपर्यंत जुनीच प्रत मिळत राहिली. आतां ‘पोस्ट-अपडेट’ या हुकामुळें नवी भर पडतांच यादी आपोआप होते. २००९ च्या अखेरीस आलेल्या १.६.६ आवृत्तीपासून बोलका वाढपीही मिळूं लागला आहे. तो विचारपूस करून हवें तेवढेंच बांधून देतो.

येथपर्यंत सारें गोड. पण एका वहिनींच्या आजारपणाची हकीकत अनवधानानें मजकुरांत शिरली. दुसऱ्याच दिवशीं आम्हीं ती काढली व निश्चिंत झालों. परंतु जी वही कांहीं विसरत नाहीं, तिच्या जुन्या नोंदींतून ती कोणासही वाचतां येत होती! सारा इतिहास नव्यानें लिहावा लागला. घरोघर गेलेल्या प्रती टाकून द्यावयास सांगावें लागलें. वहिनी एक शब्दही बोलल्या नाहींत, हेंच आम्हांस अधिक लागलें.

म्हणून वाचकांस आमची विनंति : वही चव्हाट्यावर मांडण्यापूर्वी दाराला पासवर्डाची कडी लावावी, आणि त्याहीआधीं, ज्याची हकीकत त्याची संमति घ्यावी.

पणजोबांच्या जन्मशकाचें काय झालें? गिट खरें-खोटें ठरवीत नाहीं. कोणीं काय लिहिलें तेवढें राखते. तिन्ही शक आपापल्या आधारांसह आतां एकाच वहींत नांदत आहेत. भावंडेंही!